सही करण्याचा अधिकार

आज पदवी घेणाऱ्या माझ्या तरुण मित्रमैत्रिणींनो,

तुमचे मनापासून अभिनंदन. ज्यांनी फीसाठी कर्ज काढले, शेतातली कामे तुमच्यावाचून उरकली आणि परीक्षेच्या दिवसांत घरातला टीव्ही बंद ठेवला, त्या पालकांचे तुमच्याइतकेच अभिनंदन. आजपासून नातेवाईक तुम्हाला इंजिनिअर म्हणतील, पुढे लग्नपत्रिकेत नावाआधी ‘इंजि.’ छापले जाईल. त्या उपाधीबद्दल आज मला तुमच्याशी बोलायचे आहे.

आपल्या देशात नोंदणीशिवाय डॉक्टर म्हणून दवाखाना थाटता येत नाही. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याखाली सनद घेतल्याशिवाय वकिली करता येत नाही. चार्टर्ड अकाउंटंटसाठी १९४९ चा कायदा आहे, आर्किटेक्टसाठी १९७२ चा. इंजिनिअरसाठी मात्र साऱ्या देशाला लागू असा कायदा आजवर झालेला नाही. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ही संस्था १९२० मध्ये स्थापन झाली, १९३५ मध्ये तिला राजसनद मिळाली, ती आपल्या पात्र सभासदांना ‘चार्टर्ड इंजिनिअर’ म्हणवून घेण्याचा मान देते. पण तो मान घेणे ऐच्छिक आहे. घरात तारा ओढणाऱ्या वायरमनला परमिट लागते, बॉयलर चालवणाऱ्याला सक्षमतेचे प्रमाणपत्र लागते. पुलाचे डिझाइन करणाऱ्या माणसाला मात्र देशपातळीवर कुठेच नोंदणीची सक्ती नाही.

परवान्याची ही कल्पना आली कुठून? अमेरिकेतल्या वायोमिंग या कोरड्या राज्यात पाण्याच्या हक्कासाठी नकाशे सादर करावे लागत. तिथल्या राज्य अभियंत्याच्या लक्षात आले, की वकील आणि नोटरीसुद्धा हे नकाशे काढतात आणि खाली इंजिनिअर म्हणून सही करतात. नकाशा चुकला की शेतकऱ्याचे पाणी जाई. म्हणून १९०७ मध्ये तिथे अमेरिकेतला पहिला परवाना कायदा झाला.

टेक्सासला तो धडा फार महाग पडला. १८ मार्च १९३७ रोजी न्यू लंडन गावच्या शाळेत गळालेला नैसर्गिक वायू तळाशी साचला होता. त्याला वास नव्हता, त्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही. शाळेच्या कार्यशाळेतल्या एका यंत्राची ठिणगी पडली आणि सुमारे ३०० मुले आणि शिक्षक गेले. त्याच वर्षी टेक्सासने दोन कायदे केले. एकाने वायूत उग्र वास मिसळणे सक्तीचे केले. तुमच्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमधला गॅस गळाला की वास येतो, तो याच विचाराचा वारसा आहे. दुसऱ्या कायद्याने इंजिनिअरची नोंदणी सक्तीची केली. ज्या कामात सामान्य माणसाला धोका डोळ्यांनी दिसत नाही, नाकाला कळत नाही, तिथे त्याच्या वतीने पाहणारा कुणीतरी जबाबदार माणूस असला पाहिजे, हे त्या गावाने पोटची मुले गमावून शिकवले.

परवान्याचे खरे मोल तो मिळण्यात जितके आहे, तितकेच तो काढून घेता येण्यात आहे. १७ जुलै १९८१ रोजी कॅन्सस सिटीतल्या हायट रीजन्सी हॉटेलात छताला टांगलेले दोन पादचारी पूल कोसळले आणि ११४ माणसे गेली. मूळ आराखड्यात एकच अखंड सळई चौथ्या मजल्याच्या पुलातून खाली दुसऱ्या मजल्याच्या पुलापर्यंत जात होती. काम सोपे व्हावे म्हणून तिचे दोन तुकडे झाले. त्यामुळे वरच्या पुलाच्या नटवर दुप्पट भार आला. स्थापत्याच्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही हे गणित कागद-पेन्सिल घेऊन करता येईल. ते कुणी केले नाही आणि बदललेल्या ड्रॉइंगवर इंजिनिअरचा शिक्का उमटला. फौजदारी गुन्हा कुणावर सिद्ध झाला नाही, पण मिसुरी राज्याने जबाबदार इंजिनिअरांचे परवाने रद्द केले. कनिष्ठाने तपासले असेल, फॅब्रिकेटरने बघितले असेल, ही सबब चालली नाही. शिक्का ज्याचा, जबाबदारी त्याची.

आता नाण्याची दुसरी बाजूही पाहू. ओरेगॉन राज्यात मॅट्स यार्लस्ट्रॉम नावाच्या गृहस्थांनी सिग्नलच्या पिवळ्या दिव्याचे गणित तपासले. वळणाऱ्या गाडीला वेग कमी करावा लागतो, ही गोष्ट जुन्या सूत्रात धरलेली नाही, हे त्यांनी दाखवले. स्वीडनमध्ये त्यांनी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली होती, पण ओरेगॉनचा परवाना नव्हता. पत्रात स्वतःला इंजिनिअर म्हटले म्हणून तिथल्या परवाना मंडळाने त्यांना ५०० डॉलर दंड केला. ते न्यायालयात गेले. २०१८ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, आणि पुढे वाहतूक अभियंत्यांच्या संघटनेनेही आपल्या शिफारशी बदलल्या. ज्ञान मांडणाऱ्याचे तोंड बंद करणारा परवाना समाजाच्या उपयोगाचा नसतो.

म्हणून माझे म्हणणे असे आहे, की नावाच्या राखणीपेक्षा सहीची राखण अधिक महत्त्वाची. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये आर्किटेक्टच्या कायद्याचा अर्थ लावताना सांगितले, की तो कायदा उपाधीचे रक्षण करतो, इतरांना ते काम करण्याची मनाई करत नाही. इंजिनिअरच्या बाबतीत मला याच्या उलट हवे आहे. स्वतःला इंजिनिअर कुणीही म्हणवून घ्यावे. पण ज्या कागदाच्या भरवशावर माणसे झोपणार, चालणार, लिफ्टने वर जाणार, त्या कागदावर सही करण्याचा अधिकार तपासूनच दिला जावा आणि चुकल्यास काढून घेतला जावा.

आपल्याकडे काहीच नाही असे नाही. महाराष्ट्रात महापालिका स्ट्रक्चरल इंजिनिअरची नोंदणी करतात, विकास नियंत्रण नियमांत त्यासाठी शिक्षण आणि अनुभवाच्या अटी आहेत. पण ही नोंदणी इमारतींपुरती आणि त्या त्या शहरापुरती. एका शहराने नाव काढून टाकले, तर ते दुसऱ्या शहराला आपोआप कळवणारी राष्ट्रीय नोंदवही नाही. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात भुजपासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या अनेकांच्या तळमजल्यावर पार्किंगसाठी नुसते खांब होते, भिंती नव्हत्या. असा मजला भूकंपात दुबळा ठरतो, हे शास्त्राला तेव्हाही माहीत होते. ते ज्ञान त्या कागदांवरच्या सह्यांपर्यंत पोहोचले नव्हते.

आणि धंद्यात ‘सहीपुरता इंजिनिअर’ हा शब्दप्रयोग तुम्हाला लवकरच ऐकू येईल. साइट न पाहता स्टॅबिलिटी सर्टिफिकेट, खांबाला हातोडीसुद्धा न लावता स्ट्रक्चरल ऑडिट. तीस वर्षांहून जुन्या सोसायटीतले पेन्शनवर जगणारे आजी-आजोबा तो अहवाल वाचू शकत नाहीत. ते फक्त खालची सही बघतात आणि निर्धास्त होतात. त्यांचा हा विश्वास विकणे हे पाप आहे. याहून सौम्य शब्द मला सापडत नाही.

तुमच्यातले निम्मे जण संगणक आणि इलेक्ट्रॉनिक्स शाखेचे आहेत. हे सारे सिमेंट-लोखंडवाल्यांचे प्रश्न, असे त्यांनी समजू नये. अमेरिकेतही बहुतेक राज्यांत कंपनीत नोकरी करणाऱ्या इंजिनिअरला परवान्याची सक्ती नाही. बोइंग ७३७ मॅक्स विमानांच्या दोन अपघातांत, ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९ मध्ये, ३४६ माणसे गेली. विमानाचे नाक आपोआप खाली वळवणारी सॉफ्टवेअर यंत्रणा एका वेळी एकाच सेन्सरवर भिस्त ठेवत होती. असे निर्णय बैठकीत होतात, प्रत्येक जण थोडासा जबाबदार असतो आणि शेवटी जबाबदार कुणीच उरत नाही. कोडच्या त्या ओळींखालीही एक न दिसणारी सही असते. ती आपली आहे असे समजून काम करा.

परदेशी जाणाऱ्यांना एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. २०१४ पासून भारत वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य आहे. त्यामुळे मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाच्या पदवीला करारातल्या देशांत मान मिळतो, परवाना मात्र मिळत नाही. तिथे परीक्षा द्याव्या लागतात, परवानाधारकाच्या हाताखाली काही वर्षे काम करावे लागते. या अटीचा राग मानू नका. आपल्याकडेही ती असायला हवी होती.

तुमच्याकडून मला तीन गोष्टी हव्या आहेत. पहिली काही वर्षे अशा वरिष्ठाकडे काम करा, जो तुमचे गणित लाल पेनाने खोडेल. पगार थोडा कमी असला तरी चालेल. दुसरी, जे पाहिले नाही, जे तपासले नाही, त्यावर सही करू नका. आणि नकार दिलात तर कारण लेखी द्या. तोंडी नकार संध्याकाळपर्यंत विरतो, लेखी नकार फाइलीत राहतो आणि तुमच्या मागून येणाऱ्याला बळ देतो.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. देशाला इंजिनिअरांचा कायदा हवा आहे. एक राष्ट्रीय नोंदवही, पदवीनंतरच्या अनुभवावर आधारित परीक्षा, नागरिकाला तक्रार करता येईल असे मंडळ आणि नाव काढून टाकण्याचा अधिकार. त्यात पदविकाधारकांना वर चढायची वाट असावी, कारण आपली कितीतरी बांधकामे त्यांच्या खांद्यावर उभी आहेत. आणि ज्या कामावर माणसांचे जीव अवलंबून आहेत, तेवढ्याच कामाला तो लागू असावा. व्यवसाय स्वतःहून स्वतःवर बंधन मागतो, तेव्हा समाज त्याला मान देतो. हे बंधन तुमच्यावर येणार आहे, म्हणून ते तुम्हीच मागा. मोठ्या आवाजात मागा, आणि मिळेपर्यंत मागत राहा.