साठावं कलम



  सकाळी इथं पुणतांब्यात गोदेच्या काठी चांगदेव महाराजांच्या समाधीचं दर्शन घेऊन वकील आणि गायक-वादकांच्या या परिषदेला आलो. 

चांगदेवांच्या कोऱ्या पत्राची गोष्ट इथल्या पोराटोरांनाही पाठ आहे. मायना काय लिहावा ते सुचेना म्हणून त्यांनी ज्ञानदेवांना कोरा कागद धाडला आणि उत्तरादाखल पासष्ट ओव्या आल्या. कॉपीराइटच्या कायद्यानं पाहिलं तर आलेल्या पत्राचा कागद चांगदेवांचा, पण त्यावरचा मजकूर ज्ञानदेवांचा. आणि आज? कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं एवढीच आपल्या कायद्याची मुदत. ज्ञानदेवांनी समाधी घेतली १२९६ साली. म्हणजे चांगदेव पासष्टी काय किंवा हरिपाठ काय, तुमचा आहे, माझा आहे, बाहेर मंडपाला दोर बांधणाऱ्या पोराचाही आहे. आज मला बोलायचं आहे ते यावरच. पण परिषदेच्या अध्यक्षानं आधी आढावा घ्यायचा असतो, तो घेतो.

गेल्या काही वर्षांत मुंबई उच्च न्यायालयानं कॉपीराइटच्या आपल्या क्षेत्रात बरंच काही ठरवलं. टिप्स विरुद्ध विंक या खटल्यात एप्रिल २०१९ मध्ये निकाल आला की कलम ३१ ड खालचा वैधानिक परवाना आकाशवाणी-दूरदर्शनसारख्या प्रसारणाला आहे, इंटरनेटवरून गाणी पुरवणाऱ्या अॅपला नाही. २०२२ मध्ये खंडपीठानं तो कायम केला. एप्रिल २०२३ मध्ये एफएम रेडिओवर वाजणाऱ्या गाण्याचा मोबदला गीतकार-संगीतकारालाही दिला पाहिजे, असा निकाल आला. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीचं हे फळ हाती यायला ११ वर्षं लागली. लग्नातल्या संगीताला कलम ५२ नं दिलेली सूट किती ताणायची यावर गोवा सरकारनं परिपत्रक काढलं होतं, ते गोवा खंडपीठानं ऑगस्ट २०२४ मध्ये रद्द केलं. यंत्रानं बनवलेल्या नकली आवाजाविरुद्ध अरिजित सिंग यांना २०२४ मध्ये आणि आशा भोसले यांना २०२५ मध्ये याच न्यायालयानं संरक्षण दिलं. योग्यच केलं.

सकाळच्या सत्रात वाद रंगला तो याच न्यायालयाच्या जानेवारी २०२४ च्या निकालावर. नोंदणीकृत कॉपीराइट सोसायटी नसलेल्या कंपनीला गाणी वाजवण्याची फी मागता येते का? मुंबई म्हणते येते, मद्रास उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये उलट सांगितलं होतं. दोन्ही बाजूंच्या तरुण वकिलांनी जोरात युक्तिवाद केले. माझा अनुभव सांगतो. एका लग्नसराईत एका मंगल कार्यालयाच्या मालकाला आठवड्याभरात तीन नोटिसा आल्या. तो घाबराघुबरा होऊन माझ्याकडे आला, चेकबुक सोबत घेऊनच. मी तिघांनाही एकच पत्र लिहिलं : गाण्यांची यादी पाठवा आणि ती गाणी तुमच्या नावावर कशी आली त्याचे दस्त पाठवा. पहिल्यानं दोन्ही पाठवलं, त्याची फी आम्ही मुकाट भरली. दुसऱ्यानं यादीऐवजी निम्म्या रकमेची नवी नोटीस पाठवली. तिसऱ्याकडून आजतागायत उत्तर नाही. तेव्हापासून सोसायटी की कंपनी या वादात मला रस उरलेला नाही. मागणारा दस्त दाखवतो की नाही, एवढंच मी पाहतो.

आणि दस्त न दाखवता हक्क सांगणाऱ्यांबद्दल बोलायला मी चार वर्षं थांबलो आहे. बाकीचा आढावा राहू द्या.

गोदाकाठच्या एका गावात अखंड हरिनाम सप्ताह होता. गावाचं नाव घेत नाही. तिथं आबा पखवाज वाजवायचे, वय अठ्ठ्याहत्तर. हरिपाठाच्या आधी ते कोपऱ्यात बसून कणीक मळायचे. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ती ओली कणीक लावायची, अंगठ्यानं दाबत दाबत गोल करायची, मग थाप मारून कान द्यायचा, चिमूटभर काढायची, पुन्हा थाप. दहा-दहा मिनिटं हे चालायचं. कोणी घाई केली तर म्हणायचे, "अरे, धुमा बोलू दे की आधी." त्यांच्या नातवानं सप्ताहाचा शेवटचा हरिपाठ फोनवर चित्रित केला, कणकेपासून. तासा-सव्वा तासाचा व्हिडिओ. यूट्यूबवर टाकला. त्याच्या चॅनलवर एरवी कांद्याची रोपं आणि गोठ्याचं व्यवस्थापन असायचं, त्यातून महिन्याला थोडी कमाईही व्हायची.

रात्री क्लेम आला. व्हिडिओतला अमुक मिनिटापासून तमुक मिनिटापर्यंतचा भाग आमचा, म्हणून जाहिरातीचे पैसे आमचे, असं एका संगीत कंपनीचं म्हणणं. ज्ञानदेवांचे शब्द, वारकऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची चाल, आबांचा हात, गावाचे टाळ! कंपनीचं त्यात काय होतं? त्या कंपनीनं कधीतरी याच पारंपरिक चालीतला हरिपाठ ध्वनिमुद्रित करून यूट्यूबच्या यंत्रणेत नमुना म्हणून दिला होता. यंत्रानं चाल जुळवली आणि चाल जुळली म्हणून मालकी बहाल केली. ज्यावर आपला एकट्याचा हक्क नाही तो नमुना देऊच नये, असं त्या यंत्रणेचा स्वतःचाच नियम सांगतो. पण देताना विचारतो कोण?

पोरगा फोन घेऊन माझ्या ऑफिसात आला. काच तडकलेली, त्या तड्यामागून तो क्लेम मी वाचला. आम्ही हरकत नोंदवली. हरकतीला उत्तर द्यायला दावेदाराला ३० दिवस मिळतात. उत्तर आलं : दावा कायम. हरकतीचा निवाडा कोणी केला? ज्यानं दावा केला त्यानंच. वकिली करताना आयुष्यात मी असं न्यायासन पाहिलेलं नाही. पुढं अपील होतं. पण अपिलात कंपनीनं व्हिडिओ काढायला लावला तर चॅनलवर स्ट्राइक बसतो आणि ९० दिवसांत तीन स्ट्राइक बसले की चॅनलच बंद. पोराचे आणखी दोन व्हिडिओ काकड्याचे होते. तो म्हणाला, "वकीलसाहेब, माझ्या कांद्याचं काय होईल?"

मी म्हणालो, काढून टाक.

त्यानं माझ्यासमोर काढला. पुढच्या आषाढात आबा गेले.

मित्रहो, तो सल्ला मी दिला. तीसहून अधिक वर्षं कॉपीराइटचे खटले चालवलेल्या माणसानं दिला, आणि तो चुकीचा होता. घरी आल्यावर १९५७ चा कॉपीराइट कायदा काढला आणि कलम ६० वाचलं. कॉलेजात वाचलं होतं, पुढं कधी उघडायची वेळ आली नव्हती. कॉपीराइटचा मालक म्हणवणाऱ्यानं परिपत्रकं, जाहिराती किंवा अन्य कोणत्याही रीतीनं दुसऱ्याला कारवाईची अथवा दायित्वाची निराधार धमकी दिली, तर धमकी मिळालेल्याला दावा लावता येतो. उल्लंघन झालेलंच नाही असं जाहीर करून घेता येतं, धमक्यांना मनाई मिळवता येते, नुकसानभरपाई घेता येते. समोरच्यानं स्वतः तातडीनं उल्लंघनाचा दावा लावून तो चालवला, तरच तो यातून सुटतो. ट्रेडमार्कच्या १९९९ च्या कायद्यातही असंच कलम आहे, १४२ वं.

आता माझे मुंबईचे विद्वान मित्र म्हणतील, यूट्यूबवरचा क्लेम ही धमकी नव्हे, ती खाजगी कराराखालची यंत्रणा आहे. मी त्यांना त्या पोराचा चेहरा दाखवला असता. पैसे वळवले हे दायित्व नाही तर काय आहे? आणि कलमातले 'अन्य कोणत्याही रीतीनं' हे शब्द कायदा करणाऱ्यांनी कशासाठी घातले? १९५७ साली त्यांना यूट्यूब माहीत नव्हतं, पण फुकटची मालकी सांगत फिरणारी माणसं माहीत होती.

मी कंपन्यांचा वैरी नाही. कॅसेटच्या काळात आठवडे बाजारातल्या चोरट्या कॅसेटवर छापे घालायला मी कंपन्यांच्या बाजूनं पोलिसांबरोबर फिरलो आहे. चाल बांधणाऱ्याच्या हक्कासाठी आजही उभा राहीन. श्रीनिवास खळ्यांनी तुकोबांच्या अभंगांना लावलेल्या चाली खळ्यांच्या आहेत. ते २०११ साली गेले, त्यांचा हक्क २०७१ पर्यंत आहे, आणि कोणी ती चाल उचलून स्वतःच्या नावावर खपवली तर मी त्याच्याविरुद्ध उभा राहीन. शब्द तुकोबांचे म्हणजे सर्वांचे, चाल खळ्यांची, ध्वनिमुद्रण ज्यानं केलं त्याचं. हे तीन थर वेगळे ठेवायला कायद्यानं आपल्याला शिकवलं. यंत्राला ते कळत नाहीत आणि दावेदाराला कळून घ्यायचे नसतात.

त्याच कॅसेटच्या काळात मी दुसरंही पाहिलं. भजनी गायक स्टॅम्प पेपरवर सही करायचे, रकमेची आणि मुदतीची जागा कोरी. विचारलं तर म्हणायचे, साहेब, कॅसेट निघतेय हेच खूप झालं. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गायकाला आपल्या कायद्यात हक्क नाही म्हणून खंत नोंदवली होती. तो हक्क यायला १९९४ उजाडलं. आज कायद्यातली 'कलावंता'ची व्याख्या उघडून पाहा : गायक, वादक, नट, नर्तक, डोंबारी, गारुडी, अगदी व्याख्यान देणारासुद्धा. मग आमचा कीर्तनकार त्यात आहे, विणेकरी आहे, आबा आहेत. आपल्या वादनावर त्यांचा ५० वर्षांचा हक्क आहे. म्हणजे त्या व्हिडिओत कायद्यानं मान्य केलेला हक्कदार एक नक्की होता आणि तो कोपऱ्यात कणीक मळत होता. पैसे मात्र दुसरीकडे गेले.

१ जून २०१७ ला शेतकऱ्यांचा संप ज्या गावातून उठला त्या गावात मी हे बोलतो आहे. आपण पिकवायचं आणि भाव दुसऱ्यानं ठरवायचा, हे पुणतांब्याला सोसलं नाही. मग आपण गायचं आणि मालक दुसरा, हे कसं सोसायचं?

लांबच्या कोर्टात कसं जायचं, असं मला नेहमी विचारतात. महाराष्ट्रातल्या एका चित्रपटगृहाच्या मालकावर दिल्लीत दावा लावला होता, दावा लावणाऱ्या संस्थेचं मुख्य कार्यालय मुंबईत असताना. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयानं ते चालू दिलं नाही. आणि हक्क डावलला गेलेल्या माणसाला तर कलम ६२ नं स्वतः राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयाचं दार उघडून दिलं आहे.

करायचं काय, तेही थोडं सांगतो. गावोगावच्या पारंपरिक चालींची, कोण कुठं कधी गात आलं याची नोंद व्हावी. जुन्या विणेकऱ्यांच्या ध्वनिमुद्रणांवर तारखा पडाव्यात. असे दावे विनाफी चालवणारे पाच-सात वकील प्रत्येक तालुक्यात असावेत. कोण, कसं, केव्हा, ते कार्यकारिणीनं बसून ठरवावं. माझं नाव पहिलं लिहा.

आबांच्या व्हिडिओसाठी मात्र दावा लावता येणार नाही. तीन वर्षांची मुदत उलटून गेली, वकिलांना हे सांगायला नको. पण पोरानं मेमरी कार्ड जपून ठेवलं आहे. तो आज इथं आला आहे, मागच्या रांगेत, खांबाशेजारी बसला आहे. काल त्यानं मला विचारलं, पुन्हा टाकू का? मी म्हणालो, टाक. पुन्हा क्लेम आला तर ती नवी धमकी, आणि मुदत त्या दिवसापासून नव्यानं सुरू. दाव्याचा मसुदा माझ्या पिशवीत तयार आहे, फक्त तारीख आणि प्रतिवादीचं नाव घालायचं राहिलं आहे. आज संध्याकाळी घरी गेल्यावर पोरगा तो व्हिडिओ चढवणार आहे, पहिल्या थापेपासून, कणकेसकट.