उपकाराचे पाणी
(देवपूर, धुळे येथे मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी ‘सुख कशात आहे’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्हांस संकोचच वाटला. ज्या प्रश्नापायी थोर थोर संतांनी आयुष्य वेचले, त्यावर आमच्यासारख्या सामान्य माणसाने काय सांगावे? परंतु सत्तरी उलटलेल्या माणसापाशी दुसरे काही नसले तरी स्वतःच्या चुकांचा संग्रह असतो. त्यांपैकी एक चूक आज आपणांपुढे ठेवतो.

साक्री तालुक्यातील आमच्या खेड्यात त्या काळी माध्यमिक शाळा नव्हती. वडिलांनी आम्हांस धुळ्यास धाडले आणि पांझरेच्या या तीरावर, देवपुरातच, आणखी दोघा विद्यार्थ्यांसमवेत एका खोलीत आमचे बिऱ्हाड लागले. भाकरी हाताने थापावी. कोरड्यास असले तर असले. शेजारच्या गल्लीत एक वृद्ध विधवा बाई राहत असत. त्या आमच्या ज्ञातीच्या नव्हत्या, नात्याच्या तर नव्हत्याच. आमचे कोरडे ताट एकदा त्यांच्या दृष्टीस पडले आणि दर गुरुवारी त्यांच्या घरी आमचे जेवण ठरून गेले. हा क्रम चार वर्षे चालला.

पुढे नोकरी लागली. पहिल्या पगारातून एक लुगडे व काही रुपये घेऊन आम्ही त्या माउलीकडे गेलो. त्यांनी लुगड्यावरून हात फिरविला, ते परत आमच्या हाती ठेवले आणि म्हणाल्या, “माले काय देस रे भाऊ? तुना दारशे जो भुक्या यी, त्याले जेवाले घाल.”

आम्ही तो नकार समजलो. खरे सांगावयाचे तर मनातून अपमानही वाटला. एकदाचे देणे चुकवून मोकळे व्हावे, अशी आमची इच्छा होती. ती त्यांनी पुरी होऊ दिली नाही. तेव्हापासून ती गल्ली आम्ही टाळू लागलो. बाजारास जावयाचे तरी लांबचा रस्ता धरावा. बाई वारल्याचे वृत्तही महिन्याने कानी आले. दरम्यान घर झाले, मुले शिकली, हुद्दा वाढला. परंतु जेवावयास बसलो की काहीतरी उणे आहे, असे वाटावयाचे ते वाटतच राहिले.

बंधुभगिनींनो, ‘कृतज्ञ’ या शब्दाची फोड आपण जाणताच. कृत म्हणजे केलेले आणि ज्ञ म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी कोणी काय केले हे जाणणारा, तो कृतज्ञ. ते मारून टाकणारा, तो कृतघ्न. म्हणजे कृतज्ञता ही निव्वळ गोड भावना नव्हे, ते एक ज्ञान आहे. ज्यास हे ज्ञान आहे त्यास आपण किती श्रीमंत आहोत हे कळते. ज्यास नाही, त्याच्या घरी कणगी भरलेली असली तरी त्याचे लक्ष शेजाऱ्याच्या कणगीवर असते. सुखाचा उगम आहे तो येथे.

पण नुसते जाणून भागत नाही. आम्हीही जाणत होतो. तेच जाणणे आम्हांस टोचत होते. मग उणे काय होते? त्याचे उत्तर आम्हांस पांझरेच्या काठी मिळाले.

आपल्यातील अनेकांच्या वाडवडिलांनी फडाची बागायत केली आहे. पांझरेच्या खोऱ्यात ही फड पद्धती शतकानुशतके चालत आली. नदीत बंधारा, बंधाऱ्यावरून पाट, पाटाखाली फड. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, दरसाल पिकाची पाळी बदलावयाची, हंगामापूर्वी पाटाचा गाळ सर्वांनी मिळून काढावयाचा. पाणी पाटकऱ्याच्या हाताने मिळावयाचे आणि तंटा पंचांनी तोडावयाचा. पाणी कमी असले तर भिजणाऱ्या जमिनीत कपात व्हावयाची, ती सर्वांचीच. आज विहिरी आणि मोठी धरणे यांमुळे हे फड पुष्कळ कमी झाले असले, तरी त्यांची शिकवण जुनी झालेली नाही.

सेवानिवृत्तीनंतर एके दिवशी अशाच एका पाटाच्या कडेला आम्ही बसलो होतो. मनात आले, हा बंधारा ज्यांनी बांधला त्यांची नावे कोणास ठाऊक आहेत? त्यांस पाणी परत कसे देणार? पाणी उलटे चढत नाही. आपले भरणे झाले की ते खालच्या शेतास सोडावयाचे, हीच बंधारा बांधणाऱ्याची फेड. आणि जो ते अडवून धरतो, त्याचेच शेत प्रथम चिबडते! त्या अशिक्षित माउलीने चाळीस वर्षांपूर्वी हेच सांगितले होते.

आपल्या शास्त्रकारांनीही दुसरे काय सांगितले आहे? पितृऋण फिटते ते पुढील पिढी वाढविल्याने, ऋषिऋण फिटते ते अध्ययनाने. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून, दप्तरे धुंडाळून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ यांचे बावीस खंड सिद्ध केले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी याच धुळे शहरी देह ठेवला. त्यांचे ऋण त्यांस परत देण्याची सोय उरली नव्हती. धुळेकरांनी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापन केले, त्यांचा संग्रह जतन केला आणि पुढच्या अभ्यासकांसाठी तो खुला ठेवला. पाणी खालच्या शेतास सोडणे म्हणतात ते हेच.

त्यानंतर आमच्या घरी दर गुरुवारी एक परगावचा विद्यार्थी जेवावयास येऊ लागला. आज बारा वर्षे झाली. आमची दुःखे सरली असे नाही. गुडघे दुखतात आणि गेलेली माणसे परत आलेली नाहीत. पण ती गल्ली आता आम्ही टाळत नाही. तेथून जाताना मान खाली जात नाही, एवढे सुख आम्हांस पुरेसे आहे.

आता दोन शब्द मंडळाविषयी. आपल्या मदतीने शिकलेली मुले पुढे फिरकत नाहीत, अशी तक्रार दरवर्षी येथे ऐकू येते. आम्ही नम्रपणे विचारतो, केलेला उपकार चारचौघांत मोजून दाखविला म्हणून तर ती फिरकत नसतील? मागून घेतलेली कृतज्ञता ही कृतज्ञता नसून सारा होय. तरुणांसही सांगणे आहे की, कृतज्ञ असणे म्हणजे वडीलधाऱ्यांचे चुकले तरी मुकाट्याने सोसणे, असा अर्थ करू नका. उपकार स्मरावा आणि अन्याय बोलून दाखवावा. दोन्ही एकाच मनात नांदू शकतात.

आमची सूचना एवढीच. देवपुरात आज ठिकठिकाणांहून विद्यार्थी येऊन राहतात. प्रत्येक कुटुंबाने आठवड्यातून एक वार एका विद्यार्थ्यासाठी ठेवावा आणि पान वाढण्यापूर्वी त्याची जात विचारू नये. आमची कोणी विचारली नव्हती.

आपण शांतपणे ऐकून घेतलेत, याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत. हे ऋण कोठे फेडावयाचे, ते आता आम्हांस ठाऊक आहे.