शिरूरची छावणी

पुण्याहून नगरला जाताना शिरूर लागते. भीमेपलीकडच्या दौंडकरांनाही घोडनदीचा हा बाजार परका नाही. पण पेशव्यांच्या रक्षणासाठी ठेवलेली इंग्रजांची तैनाती फौज एके काळी याच गावी तळ देऊन होती, हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

होळकरांनी पुणे घेतले, तेव्हा दुसऱ्या बाजीरावांनी ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईस इंग्रजांशी तह केला. किमान ६,००० पायदळ मिळाले. खर्चापोटी २६ लाख उत्पन्नाचा मुलूख गेला. शिवाय परराज्यांशी बोलणी करायची ती इंग्रजांना विचारून! पुढे पेशव्यांनी दापोडीस स्वतःची कवायती फौज उभारली खरी. पण तिचा नायक कोण, तर कॅप्टन फोर्ड. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीस लढाई जुंपली आणि ही फौज इंग्रजांना जाऊन मिळाली.

३१ डिसेंबरच्या रात्री शिरूरहून निघालेली तुकडी दुसऱ्या दिवशी कोरेगावी पेशव्यांच्याच सैन्याशी लढली. तीत महार शिपाई पुष्कळ होते. ज्या राज्याने त्यांना अस्पृश्य म्हणून वेशीबाहेर ठेवले, त्यासाठी त्यांनी का लढावे?

आजही लहान देश सैन्य सुधारतात, मोठ्या संरक्षण-संघात जातात. त्यात वावगे काही नाही. मात्र तीन गोष्टी पाहाव्या : हुकूम कोणाचा, खर्च कशातून, आणि शिपायाला राज्य आपले वाटते की नाही? बाजीरावांच्या बाबतीत तिन्ही उत्तरे उलटी आली. जून १८१८ मध्ये ते शरण गेले.