थकलेला आवाज



आमच्या वळसंगात एकादशीला रात्री देवळात भजन बसते. माझे चुलते आप्पा कितीतरी वर्षे त्या भजनाचे विणेकरी. आपला मुलूख सीमेवरचा. एक अभंग मराठीत झाला की पुढचे पद कानडीत. दोन्हीकडे आप्पांचा गळा सारखाच मोकळा चालायचा. पण सत्तरी उलटली तसा वरचा षड्ज त्यांना लागेना. एका एकादशीला सूर फाटला आणि मागे बसलेली पोरे फिसकन हसली. घरी परतताना मीच म्हणालो, "आप्पा, आता तुम्ही बसून ऐका. पोरांना म्हणू द्या की." मी मास्तर माणूस, शहाणपण सांगण्याची सवय. आप्पांनी वीणा खुंटीला लावली आणि देवळात येणेच सोडले.

ही गोष्ट 2007 सालची. त्याच वर्षी डिसेंबरात मी सोलापूरहून रात्रीची गाडी धरून पुण्यास गेलो. रमणबाग शाळेच्या पटांगणात सवाई गंधर्व महोत्सव होता, पंचावन्नावा. पंडित भीमसेन जोशी यांनी गुरूच्या स्मरणार्थ 1953 साली सुरू केलेला हा महोत्सव. पंडितजी तेव्हा पंच्याऐंशी वर्षांचे होते, आजारांनी थकलेले होते, आणि तरीही ते गातील अशी कुजबुज होती.

आपल्या भागातील लोकांना भीमसेन परके नव्हेत. ते गदगचे. गदगहून निघालेला लोहमार्ग विजापूरवरून आपल्या होटगीलाच येऊन मिळतो. अब्दुल करीम खाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका ऐकून अकरा वर्षांचे हे पोर 1933 साली गुरूच्या शोधात घर सोडून पळाले, आगगाडीत गाणी म्हणत, कुणाच्या दयेवर हिंडत ग्वाल्हेरपर्यंत जाऊन आले, आणि अखेर गुरू मिळाले ते घराजवळच, कुंदगोळला. पुढे राम फाटकांनी आकाशवाणीच्या 'स्वरचित्रा'साठी त्यांच्याकडून नामदेवांचा अभंग गाऊन घेतला. तेव्हापासून हा आवाज खेड्यापाड्यांतील माजघरांतून शिरला. आप्पांनीही तो रेडिओवरूनच ऐकलेला. दासांची कानडी पदे भीमसेनांनी गायिली की आप्पा म्हणत, "हा आपल्यातलाच माणूस."

खरे सांगायचे तर जाताना माझे मन कचरत होते. गायकाने थांबावे केव्हा, हा जुना वाद आहे. केसरबाई केरकरांनी 1964 च्या सुमारास मैफली बंद केल्या. गळा हाती आहे तोवरच उठायचे, हा त्यांचा करारी बाणा. उलट बालगंधर्व. पाय गेले, देह खचला, तरी ते भजने गात राहिले. कित्येकांना ते पाहवले नाही आणि कित्येक तेवढ्यासाठीच जात राहिले. माझा कल केसरबाईंकडे होता. आप्पांना मी दिलेला सल्लाही त्याच हिशेबातला.

मंडपात मी पार मागे. व्यासपीठ दिसेना, पुढच्यांच्या मफलरी आणि कानटोप्या तेवढ्या दिसत. म्हणजे रेडिओ ऐकावा तसेच ऐकणे झाले. राग-तालाचा तपशील जाणकारांनी सांगावा. मी सांगतो तो कानाला कळला तो प्रकार. ज्या गळ्यातून पूर्वी पुराच्या पाण्यासारखी तान यायची, तो गळा आता सावकाश चालत होता. लांबलचक ओळ एका दमात नेणे जमत नव्हते. मग ती मध्ये थांबे, श्वास घेतला जाई, आणि तो श्वास ध्वनिक्षेपकातून साऱ्या मंडपाला ऐकू येई. लपवाछपवी नाही. मात्र श्वासानंतर सूर जिथे ठेवायचा तिथेच ठेवला जाई. आवाज थोडा होता, सूर मात्र पुरा होता. गाणे थोडाच वेळ चालले. शेजारचे एक वृद्ध गृहस्थ डोळे पुसत होते. मला मात्र रडू आले नाही, लाज वाटली. पोरे हसली त्या रात्री आप्पांचा सूर खरोखर चुकला होता, की नुसता दम तुटला होता, हे मी ऐकलेच नव्हते.

सार्वजनिक मैफलीतील ते त्यांचे अखेरचे गाणे ठरले. पुढच्या वर्षी भारतरत्न जाहीर झाले आणि 24 जानेवारी 2011 रोजी पंडितजी गेले.

गावी आल्यावर आप्पांना हे सारे सांगितले. माफी मागण्याचे धाडस झाले नाही. आप्पा गोठ्यापाशी बसून दावे वळत होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारले, "दम कुठं घेत होते म्हणालास?"

"ओळीच्या मध्येच, आप्पा."

"शब्द तोडून?"

"नाही. शब्द पुरा करून."

"हां," म्हणाले, आणि पुन्हा दावे वळू लागले.

पुढच्या एकादशीला आप्पा देवळात आले. वीणा घेतली नाही. खांबाला टेकून मागे बसले. मी ध्रुपद म्हटले. दुसरा चरण आप्पांनी उचलला, अर्ध्यावर थांबले, सर्वांदेखत श्वास घेतला आणि उरलेला चरण पुरा केला. मागची पोरे हसली की नाही, ते मी वळून पाहिले नाही. मला टाळ सांभाळायचा होता.