मुलाने विचारायचा सण



रायगड जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना 'शनिवार तेली' हे नाव ठाऊक आहे. आठवडाभर घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा. ते शनिवार तेली म्हणजे आम्ही, बेने इस्राएल. आमचा धर्म यहुदी. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला आमच्या पूर्वजांचे गलबत फुटले, असे वाडवडील सांगत आले. तेव्हापासून कोकण आमचे घर आणि मराठी आमची मायबोली. पेणचे ते पेणकर, रोह्याचे ते रोहेकर, अशी आमची आडनावे.

आज आमच्या एका सणाविषयी सांगतो. होळीनंतर महिन्याभराने, बहुधा चैत्री पौर्णिमेच्या सुमारास हा सण येतो. पुस्तकात त्याला पेसाह किंवा वल्हांडण म्हणतात. आमच्या जुन्या बायका म्हणत, 'अनाशी ढाकायचा सण'. घरात आंबट पाण्याचे मडके असे. कालवणाला ते पाणी लागे. सणाचे आठ दिवस ते मडके झाकून ठेवायचे. त्यावरून हे नाव पडले.

झाकायचे कशासाठी? ऐका. फार पूर्वी मिसर देशात आमचे पूर्वज गुलाम होते. राजा त्यांच्याकडून विटा पाडून घेई, शहरे बांधून घेई. मोशे नावाच्या पुढाऱ्याने देवाच्या आज्ञेने त्यांना तेथून सोडवले. निघायची इतकी घाई झाली, की मळलेले पीठ आंबायलाही वेळ मिळाला नाही. तसेच भाजले आणि खाल्ले. म्हणून ह्या दिवसांत आम्ही पाव खात नाही. बिनखमिरी भाकर खातो.

तुम्ही म्हणाल, भाकर कुठे आंबते? पण गव्हाचे पीठ भिजवून नुसते ठेवले, तरी ते आपोआप फुगू लागते. म्हणून पाणी घातल्यापासून भाजून होईपर्यंत १८ मिनिटांच्या वर वेळ जाऊ द्यायचा नाही, असा नियम आहे. एकीने मळायचे, दुसरीने लाटायचे, तिसरीने भाजायचे. मध्ये कुणी गप्पा मारायच्या नाहीत! भात मात्र आम्हांला चालतो. युरोपातले कित्येक यहुदी ह्या आठ दिवसांत भातसुद्धा वर्ज्य करतात. कोकणातल्या माणसाला ते कसे जमावे?

सणाआधी घराला चुना लावायचा, भांड्यांना कल्हई करायची. आदल्या रात्री दिवा घेऊन कोनाकोपरा धुंडायचा. पावाचा कण राहिला असेल तर तो काढायचा आणि सकाळी जाळून टाकायचा. मुलांना ह्या शोधाची फार मौज वाटते.

मग सणाची रात्र. हा सण देवळातला नव्हे, घरातला. ताटात बिनखमिरी भाकर, कडू पाला, भाजलेले हाड, अंडे आणि खजुराचा गोड शिरा मांडतात. कडू पाला गुलामीच्या दिवसांचा. शिरा म्हणजे विटांचा चिखल. चिखल गोड का, असे मुले हमखास विचारतात. शेजारी मिठाचे पाणी असते, ते आसवांचे. पेल्यात काळ्या मनुकांचे सरबत असते.

घरातले सर्वांत धाकटे मूल उठून विचारते, आज पाव का नाही? कडू का खायचे? मुलाने विचारल्यावाचून गोष्ट सुरू व्हायची नाही. एरवी मोठ्यांच्या मध्ये बोललास म्हणून ज्याला दटावतात, त्याला त्या रात्री पहिला मान!

बाप हगादा नावाचे पुस्तक उघडून वाचतो. मिसरवर दहा संकटे आली, त्यांची नावे घेताना पेल्यातले थोडे थोडे सांडायचे. ज्यांनी छळले तेही मेले, म्हणून आपला पेला भरलेला नको, असा त्याचा अर्थ सांगतात. आम्हांला ह्या सणात हे सर्वांत मोलाचे वाटते.

हगादा हिब्रू भाषेत आहे. ती आमच्यात थोड्यांनाच कळे. मग १८४६ साली मुंबईत मराठी अर्थासह हगादा छापला गेला, आणि १८७४ साली पुण्यात चित्रांसह. पुण्याच्या हगादातल्या चित्रात भाकरीचे पीठ मळणाऱ्या बाया लुगडे नेसलेल्या आहेत. आपल्या आजीसारख्या! तेव्हापासून चुलीजवळ बसलेल्या बाईलाही समजू लागले, की आपल्या घरात काय वाचले जात आहे.

१९४८ साली इस्राएल देश झाला आणि आमचे पुष्कळ लोक तिकडे गेले. गावोगावची घरे बंद झाली. आमच्या सार्वजनिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. कित्येक गावी आता दहा जमत नाहीत. पण ह्या सणाला दहा लागत नाहीत. एक घर पुरते. घरात मूल नसेल तर बायको नवऱ्याला विचारते. आणि माणूस एकटाच असेल, तर त्यानेही ताट मांडायचे, पुस्तक उघडायचे, स्वतःलाच मोठ्याने प्रश्न विचारायचे आणि उत्तरे वाचायची. शास्त्रात तसे लिहिले आहे.