नाटक करून सातबारा मिळतो काय?
(शिबिरात केलेलं भाषण)



काल रात्री आपल्या पोरांनी सावकाराचं सोंग केलं. तुम्ही हसलात, आम्हीही हसलो. मग मागून कुणीतरी विचारलं, नाटक करून सातबारा मिळतो काय?

नाय मिळत. पण नाटकाला सरकार भितं, एवढं मात्र आम्ही सांगू शकतो.

बंगालात दीनबंधू मित्र नावाचे टपालखात्यातले नोकर होते. त्यांनी १८६० साली 'नीलदर्पण' छापलं, स्वतःचं नाव न घालता. गोष्ट निळीची. गोरा मळेवाला रयतेला बिघ्यामागे दोनेक रुपये उचल द्यायचा आणि भाताच्या चांगल्यातल्या चांगल्या जमिनीत नीळ पेरून घ्यायचा. उचल फिटायचीच नाही. बापाची पोराच्या डोक्यावर. नाटकात अमीन येतो, शेतावर खूण करून जातो, आणि रायचरण घरी येऊन चडफडतो की आता खायचं काय? ज्यांचे आजे लग्नाच्या कर्जापायी लग्नगडी झाले, त्यांना हे समजावून सांगायला नको.

पुढे क्षेत्रमणी या गरोदर पोरीला साहेबाच्या खोलीत ओढून नेतात. नवीनमाधव आणि तोराप हा मुसलमान शेतकरी आत घुसून तिला सोडवतात, तोराप साहेबाला बडवतो. १८७५ साली लखनौला हा प्रवेश चालू असताना बघायला बसलेले गोरे उठून रंगमंचावर चढले. खेळ बंद! पुढच्याच साली नाटकं बंद पाडायचा कायदा आला. त्याला दुसरी नाटकंही कारण झाली. आणि त्याआधी, १८६१ साली, इंग्रजी भाषांतर छापलं म्हणून पाद्री लाँग यांना महिनाभर कैद आणि हजार रुपये दंड. मळेवाल्याला नव्हे, पाद्र्याला.

तरी आम्हाला या नाटकात एक खटकतं. नायक बोस घराण्यातला, खाऊनपिऊन सुखी. त्याची भाषा पुस्तकी. तोराप, रायचरण गावच्या बोलीत बोलतात, आणि तेच जिवंत वाटतात. पण क्षेत्रमणी मरून जाते, तिचं गाऱ्हाणं मांडायला दुसरेच. आणि प्रस्तावनेत लेखक राणीच्या सरकारकडेच आशेनं बघतो!

काल आपणही तेच केलं. कोऱ्या कागदावर अंगठा घेतात तिथं बाई गप्प उभी होती, आणि तीही लुगडं नेसलेला पोरगा. शनिवारी पुन्हा तालीम आहे. बायांनी यावं. अंगठा घेताना त्या खरं काय बोलल्या होत्या, ते त्यांनीच सांगावं. मग तो प्रवेश पहिल्यापासून बसवू.