गुरुजनांची दिवाळी-भेट

आमच्या शेजारीं एक सुविद्य कुटुंब राहतें. नवरा-बायको दोघेंहि नोकरी करणारीं, मुलगी चौथींत. सहामाही परीक्षेच्या सुमारास एके सायंकाळीं त्या बाई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "काकू, तुम्ही तीस वर्षें शाळेंत शिकविलेंत, म्हणून तुम्हांलाच विचारतें. दिवाळीच्या सुटीपूर्वीं मुलीच्या वर्गशिक्षिकेला कांहीं तरी द्यावयाचें आहे. तीनशें रुपयांच्या आंत बसेल आणि बरेंहि दिसेल, असें काय द्यावें?" प्रश्न साधा होता, परंतु उत्तर देतांना मी अडखळलें. तीस वर्षें मीं अशा भेटी घेतल्या. त्या देणाऱ्याच्या घरांत आदल्या रात्रीं काय बोलणें होतें, याचा विचार मात्र क्वचितच केला होता.

गुरूला द्यावयाच्या भेटीची एक गोष्ट आपल्या दारीं दरवर्षीं येते. फक्त आपण ती ओळखीत नाहीं. दसऱ्याला आपण आपट्याचीं पानें 'सोनें' म्हणून वांटतों, त्या सोन्यामागें कौत्साची कथा आहे. कालिदासानें ती 'रघुवंशा'च्या पांचव्या सर्गांत सांगितली आहे. विद्या पुरी झाल्यावर कौत्सानें आपले गुरु वरतंतु यांना दक्षिणा विचारली. गुरूंनीं कांहींच मागितलें नाहीं; तूं इतके दिवस मनापासून सेवा केलीस, तीच पुरे, असें त्यांचें म्हणणें. शिष्यानें हट्ट धरला, पुनःपुन्हां विचारलें. तेव्हां गुरु संतापले आणि चौदा विद्यांबद्दल चौदा कोटि आण म्हणाले. कौत्स रघुराजाकडे गेला, तों राजानें यज्ञांत सर्वस्व देऊन टाकलेलें, पाहुण्याचें स्वागतहि मातीच्या भांड्यानें केलेलें! पुढें रघूनें कुबेरावर स्वारीचा बेत केला, कुबेरानें सोन्याचा पाऊस पाडला, आणि कौत्सानें त्यांतून गुरूपुरतेंच उचललें. तें सोनें आपट्यावर पडलें असें लोककथा सांगते. सोन्याचा पाऊस आपण लक्षांत ठेवला. आग्रहामुळें गुरु चिडले होते, एवढा भाग तेवढा विसरलों.

अर्थात् सगळेच गुरु वरतंतूंसारखे नव्हते, आणि त्यांना तसें असणें परवडणारेंहि नव्हतें. जुन्या गांवठी शाळांतील पंतोजींना बांधलेला रोख पगार क्वचितच मिळे. मुलांच्या घरून येणारें धान्य, शिधा आणि सणावारची भेट यांवर त्यांचा संसार चाले. तेथें भेट हाच पगार होता. आज शाळा पगार देते, म्हणून भेटीचा अर्थ बदलला आहे. पण आपल्या हाताची जुनी संवय अजून गेलेली नाहीं.

येथें मला आपल्या भाषेंतील एक चांगला शब्द आठवतो: पोस्त. टपालवाल्याला, रखवालदाराला, घरकामाच्या बाईंना आपण दिवाळीची पोस्त देतों. पोस्त रोख असावी आणि उघड मनानें द्यावी. शाळेंतील शिपाई आणि लहान मुलांना सांभाळणाऱ्या मावशी यांना पोस्तच द्यावी. त्यांच्या हातीं सुगंधी मेणबत्ती ठेवून आपली हौस भागते, त्यांची गरज भागत नाहीं. शिक्षकाला मात्र पोस्त देतां येत नाहीं. तो उद्यां आपल्या मुलाच्या उत्तरपत्रिकेवर गुण लिहिणार असतो, आणि पैशाचें पाकीट घेतलेला हात त्या वेळीं किंचित् जड होतोच. सरकारी सेवेंत असणारांस महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत आणि त्यांत भेटी स्वीकारण्यावर बंधन आहे. खाजगी शाळांतहि ज्याच्या त्याच्या शाळेचे नियम असतात. तेव्हां कांहींहि विकत घेण्यापूर्वीं शाळेंत एकदां विचारून घ्यावें. त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. कोणी म्हणेल, विनाअनुदानित शाळांत आणि तासिका तत्त्वावर राबणारे किती तरी शिक्षक तुटपुंज्या पैशांत दिवस काढतात, त्यांना थोडी मदत झाली तर काय बिघडलें? त्यांचें दुःख खरें आहे. परंतु त्यावरचा उपाय चांदीची वाटी नव्हे. पालकसभेंत उभें राहून, "आमच्या मुलांच्या शिक्षकांना वेळेवर पगार मिळतो कीं नाहीं?" असें विचारणारा पालक मला तीस वर्षांत एकदांच भेटला.

आतां एक गोष्ट सांगतें. तींत चूक माझी आहे. माझ्या नोकरीचें सातवें कीं आठवें वर्ष असेल. सुटी लागण्याच्या दिवशीं मुलें भेटी आणून माझ्या टेबलावर रचीत, आणि मी एकेकाचें नांव घेऊन पुडकें सर्वांसमक्ष उघडीत असें. मुलांना मौज वाटते, एवढेंच मला दिसे. त्या वर्षीं पहिल्या बांकावरची एक मुलगी नेमकी त्याच दिवशीं आली नाहीं. एरवीं तिचा एकहि दिवस चुकत नसे. सुटीनंतर विचारलें, तर "पोट दुखत होतें" म्हणाली. पुढें संक्रांतीच्या सुमारास तिची आई कांहीं कामानिमित्त शाळेंत आली होती, ती बोलतां बोलतां सांगून गेली. वडिलांची नोकरी त्या पावसाळ्यांत सुटली होती. मुलीनें रात्रीं विचारलें, आपण बाईंना काय द्यावयाचें? आई म्हणाली, पुढच्या वर्षीं देऊं. सकाळीं मुलीनें जें पांघरूण डोक्यावरून घेतलें, तें शाळेची वेळ टळेपर्यंत काढलें नाहीं. हें सांगतांना ती माउली हंसत होती, जणूं मुलीचा हूडपणा सांगत होती. मला मात्र त्यानंतर कित्येक दिवस त्या पहिल्या बांकाकडे सरळ पाहवेना.

दुसऱ्या वर्षापासून मीं वर्गांत सांगून टाकलें कीं, बाईंना फूल चालेल, पत्र चालेल, बाजारांतील वस्तु चालणार नाहीं. कांहीं पालक रागावले. एका गृहस्थांनीं तर मला गर्विष्ठ ठरविलें. पण शाळा सुटण्याच्या दिवशीं हजेरीपटावर एकहि खाडा पडला नाहीं. तेव्हांपासून माझी एकच कसोटी आहे: वर्गांतील सर्वांत गरीब मुलालाहि हातांत घेऊन ताठ मानेनें येतां येईल, तीच शिक्षकाला देण्याजोगी भेट.

ज्यांना खर्च केल्यावांचून चैनच पडत नाहीं, त्यांच्यासाठीं अनुभवाच्या चार गोष्टी सांगतें. निवृत्त झालें त्या महिन्यांत मीं कपाट आवरलें. नियम करण्यापूर्वींचें आणि नियम न मानणारांचें असें सगळें त्यांत सांठलें होतें. भिंतीवरचीं घड्याळें पांच निघालीं; माझ्या घराला भिंती तेवढ्या नाहींत. 'जगांतील सर्वोत्तम शिक्षिका' असें इंग्रजींत छापलेले चहाचे पेले डझनाच्या वर निघाले. सर्वोत्तम एकच असावयाची. पण आमच्या शिक्षकांच्या खोलींत तसला पेला प्रत्येकीपुढें असे! गणपतीच्या लहान-लहान मूर्ति तर ठेवतांहि येत नाहींत आणि टाकतांहि येत नाहींत.

याउलट कांहीं वस्तु मीं अक्षरशः झिजवल्या. शिक्षकाचा धंदा घशाचा. साठ मुलांच्या वर्गांत दिवसभर बोलून संध्याकाळीं आवाज बसतो. एका मुलाच्या आजीनें लहानशा बरणींत ज्येष्ठमधाच्या कांड्या आणि खडीसाखर भरून पाठविली होती. इतकी समजूतदार भेट मला क्वचितच मिळाली असेल. दुसरीनें जुन्या सुती लुगड्याचें, आंत चिंध्या भरून, फळा पुसण्याचें डस्टर शिवलें होतें. तें तीन वर्षें टिकलें. लाल शाईचीं पेनें तपासनीसाला कधींच पुरत नाहींत. सुती हातरुमाल खडूच्या धुळींत रोज लागतो. यांपैकीं कशालाहि शंभर रुपये लागत नाहींत. मात्र आतां पुष्कळ शाळांत खडूचे फळे जाऊन पांढरे फळे आले आहेत, तेव्हां डस्टर शिवण्यापूर्वीं मुलाला विचारावें.

खाण्याच्या पदार्थांविषयीं थोडें जपून. एका दिवाळींत माझ्या घरीं अकरा घरांचा चिवडा होता, आणि घरांत माणसें तीन. फराळ द्यावयाचाच, तर आपल्या घरची जी खासियत असेल तो एकच जिन्नस मूठभर द्यावा. कोणाकडचीं कडबोळीं, कोणाकडचे चिरोटे, कोंकणांतल्या घरचीं बोरें. ज्यांना मधुमेह आहे त्यांच्यापुढें मिठाईचा डबा ठेवणें ही शिक्षाच. शिवाय शिक्षिका ख्रिस्ती असल्या तर त्यांना नाताळांत आणि मुसलमान असल्या तर ईदेला भेटावें. आपल्या सणाला त्यांनीं आपलें कौतुक करावें यापेक्षां त्यांच्या सणाला आपण त्यांची आठवण ठेवावी, हें अधिक गोड. आणि एक नाजूक गोष्ट. बांगड्या, कुंकवाचा करंडा, गजरा असलें कांहीं देण्यापूर्वीं विचार करावा. प्रत्येक बाईंच्या घरची हकीकत आपल्याला ठाऊक नसते.

पुस्तकाविषयीं मात्र मी पक्षपाती आहें. काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन' मासिकानें १९०९ सालीं दिवाळी अंक काढला, तेव्हांपासून मराठी घराला या दिवसांत फराळासारखीच वाचनाचीहि भूक लागते. एखादा दिवाळी अंक, आधीं घरीं वाचून झालेला असला तरी, शिक्षकाच्या सुटीची उत्तम सोबत होतो. त्याहून चांगलें म्हणजे भेट शिक्षकाला न देतां त्याच्या वर्गाला द्यावी. 'बालभारती'चें 'किशोर' मासिक १९७१ पासून निघत आहे. चार-सहा घरांनीं मिळून त्याची वर्षाची वर्गणी वर्गाच्या नांवें भरली, तर महिन्याच्या महिन्याला भेट येते आणि ती साऱ्या वर्गाच्या हातीं फिरते.

वर्गणीचें नांव काढलें म्हणून सांगतें. हल्लीं पालकांचे व्हॉट्सॲपवर गट असतात. तेथें कोणी एक उत्साही गृहिणी लिहिते, "प्रत्येकीं पांचशें". खालीं भराभर होकार येऊं लागतात, आणि ज्याला पांचशें जड जातात त्याला तसें चारचौघांत लिहितां येत नाहीं. वर्गणी काढावयाची तर आंकडा सांगूं नये. बंद पाकिटें एका पेटींत पडावींत, कोणी रिकामें टाकलें तरी कळूं नये, आणि भेटीवर नांव साऱ्या वर्गाचें असावें.

वेळहि पाहावी. सहामाहीच्या उत्तरपत्रिका पुष्कळदां दिवाळीच्या सुटींतच घरीं नेऊन तपासल्या जातात. त्यांच्या गठ्ठ्याशेजारीं आपली भेट जाऊन बसली, तर देणाऱ्याचा हेतु कितीहि निर्मळ असो, घेणाऱ्याला अवघडल्यासारखें होतें. किंमतीची वस्तु द्यावीशी वाटलीच, तर ती गेल्या वर्षींच्या शिक्षकांना द्यावी. मूल त्यांच्या वर्गांतून निघून गेलें आहे, त्यांच्या हातीं आतां आपलें कांहीं नाहीं, आणि तरीहि आपण त्यांच्या दारीं गेलों! मी निवृत्त झाल्यावर पहिल्या दिवाळीला दोघेंजण आलीं. त्यांनीं काय आणलें होतें, तें मला आज आठवतहि नाहीं.

राहिलें पत्र. पोस्टकार्डाला अजूनहि रुपया लागत नाहीं. परंतु मुलाला "बाई, तुम्ही मला फार आवडतां" एवढेंच लिहूं देऊं नये; तसें तर सगळेच लिहितात. त्याला विचारावें, बाईंनीं शिकविलेलें काय तुला नेमकें आठवतें? कोणत्या दिवशीं? मग तें त्याच्या शब्दांत, त्याच्याच अशुद्ध लेखनासह लिहूं द्यावें. आईबापांनीं ऱ्हस्वदीर्घ सुधारलेलें पत्र शिक्षकाला पहिल्या ओळींतच ओळखूं येतें.

शेजारच्या मुलीला मीं हाच प्रश्न विचारला. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "भागाकार. बाईंनीं चिंचोके वांटून दाखविला होता. सतरा चिंचोके पांच जणींत वांटले, दोन उरले. ते दोन बाईंनीं मला दिले." तेंच तिनें पोस्टकार्डावर लिहिलें आहे, भागाकारांतील 'का' तिनें आधीं गाळला आणि मागून वर घातला. आजोळच्या चिंचेचे दोनशें चिंचोके धुऊन, वाळवून, एका कापडी पुरचुंडींत बांधले आहेत. शाळेंतले पुरत नाहींत अशी तिची तक्रार होती. आईचे तीनशें रुपये तसेच उरले. ते पाकिटांत घालून शाळेच्या मावशींना पोस्त म्हणून जाणार आहेत. दिवाळीनंतर गेल्या वर्षींच्या बाईंकडे जाऊन यावें, असेंहि मायलेकींचें ठरलें आहे. त्यांचा पत्ता मात्र अजून शोधावयाचा आहे.